तुंगातीरीं शृंगेरी

गंगेंत स्नान करावें आणि तुंगेचें पाणी प्यावें, अशा अर्थाची एक म्हण कर्नाटकांत घरोघर ऐकूं येते. आम्हां कृष्णाकाठच्या लोकांस आपल्या नदीचा अभिमान मोठा. त्यामुळें ही म्हण प्रथम कानांवर आली तेव्हां, कृष्णेच्या पाण्यास काय कमी आहे, असाच प्रश्न माझ्या मनांत उठला होता. गेल्या कार्तिकांत शृंगेरीस जाऊन तुंगेचें पाणी ओंजळीनें प्यालों आणि म्हण खोटी नाहीं हें कबूल करून परत आलों. मात्र आणखीही एक गोष्ट कबूल करावयाची राहिली होती. ती या लेखाच्या निमित्तानें करावी असा विचार आहे.

शृंगेरी हें आद्य शंकराचार्यांनीं स्थापिलेल्या चार आम्नायपीठांपैकीं दक्षिणेकडील पीठ, ही गोष्ट आपल्या वाचकांस सांगावयास नको. आपल्याकडील संकेश्वर-करवीर पीठाचा संबंधही परंपरा शृंगेरीशींच जोडते. मीं जन्मभर शाळेंत संस्कृत आणि इतिहास हे दोन विषय शिकविले. पंचदशीकार विद्यारण्यांचें नांव घेतल्यावांचून माझें एकही वर्ष गेलें नसेल. परंतु त्यांचें पीठ डोळ्यांनीं पाहण्याचा योग मात्र येत नव्हता. नोकरींत असतांना सुटी असे तेव्हां पैसा नसे, आणि पैसा जमे तेव्हां घरांत कोणाचें तरी लग्नकार्य निघे. निवृत्त झाल्यावर या दोन्ही सबबी सरल्या. आमच्या कुटुंबाचें म्हणणें असें कीं, "तुम्हांला इतकीं वर्षें शारदेनेंच जेवूं घातलें, तिची ओटी मला एकदां भरूं द्या." यावर बोलावयास जागाच नव्हती. खण, नारळ, तांदूळ आणि एक नवें इरकली लुगडें घेऊन आम्ही उभयतां निघालों.

मिरजेहून रात्रीच्या गाडीनें हुबळी, दावणगिरी करीत बिरूरला उतरलों आणि तेथून शिवमोग्यास पोहोंचलों. शिवमोग्यापासून शृंगेरी सुमारें १०० किलोमीटर. रस्ता बहुतेक तुंगेच्या सोबतीनें जातो. तुंगा आणि भद्रा या दोघी पश्चिम घाटांतील वराह पर्वतावर गंगामूळ येथें उगम पावतात. एका आईच्या लेकी निरनिराळ्या गांवीं नांदावयास जाव्या तशा दोन वाटांनीं जातात आणि शिवमोग्याजवळ कूडली येथें पुन्हां भेटतात. त्यापुढें तुंगभद्रा हें नांव. ही तुंगभद्रा आंध्रांत कृष्णेस मिळते. म्हणजे आमच्या गांवच्या घाटावरून गेलेलें पाणी आणि शृंगेरीच्या घाटावरून गेलेलें पाणी अखेर एकाच पात्रांतून समुद्रास जातें. मोटारींत बसल्या बसल्या हा हिशेब मीं कुटुंबास सांगितला, तेव्हां त्या म्हणाल्या, "मग इतक्या लांब कशाला आलों? घरींच थांबलों असतों, पाणी आपोआप भेटलें असतें!"

वाटेंत तीर्थहळ्ळी लागते. येथें तुंगेच्या पात्रांतील खडकांत एक कुंड आहे. मातृवधानंतर परशुरामाच्या परशूवरील रक्ताचा डाग कोठेंच धुवून निघेना, तो या पाण्यांत निघाला, अशी कथा सांगतात. मार्गशीर्षाच्या अमावास्येस येथें मोठी यात्रा भरते. मोटार तेथें पांच-दहा मिनिटेंच थांबली. उतरून दुरूनच नमस्कार केला. ही कथा त्या वेळीं मीं कौतुकानें ऐकली. तिचा माझ्याशीं कांहीं संबंध येईल असें वाटलें नव्हतें.

तीर्थहळ्ळीच्या पुढें मलनाडचा खरा मुलूख सुरू होतो. आपल्या कोंकणाची आठवण पदोपदीं यावी, असें तेथील एकंदर रूप आहे. सुपारीच्या बागा, पोफळीच्या खोडांवर चढलेले मिऱ्यांचे वेल, लाल कौलांचीं घरें, अंगणांत वाळत घातलेली सुपारी, आणि मागें धुक्यानें अर्धे झांकलेले डोंगर. शृंगेरीपासून जवळच आगुंबे नांवाचें गांव आहे; तेथें वर्षाला सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कार्तिकांत पाऊस सरलेला असतो, पण त्यानें मागें ठेवलेला हिरवेपणा तसाच असतो. ज्यांस ही यात्रा करावयाची असेल त्यांनीं पावसाळा टाळून कार्तिकापासून माघापर्यंत केव्हांही जावें.

शृंगेरी हें लहानसें, नीटनेटकें गांव आहे. ऋष्यशृंग मुनींच्या नांवावरून ऋष्यशृंगगिरि आणि त्याचा अपभ्रंश शृंगेरी, अशी व्युत्पत्ति देतात. मुनींचें देऊळ दहा किलोमीटरांवर किग्गा येथें असून पाऊस पडावा म्हणून आजही लोक तेथें गाऱ्हाणें घालतात. गांवांत शिरतांच सात मजली गोपुर दृष्टीस पडतें. तें नवें आहे. त्याचा कुंभाभिषेक २०१४ सालीं झाला. नदीच्या डाव्या तीरावर देवळें आणि पाठशाळा, उजव्या तीरावर नरसिंहवन. तेथें आचार्यांचा निवास व पूर्वाचार्यांचीं समाधिस्थानें आहेत. मध्यें पादचाऱ्यांसाठीं पूल आहे. अलीकडे गजबज आणि पलीकडे शांतता, अशी वांटणी नदीनें करून दिली आहे.

आम्ही प्रथम घाटावर गेलों. पायऱ्या उतरतांच पाण्यांत मोठमोठे मासे दाटीनें फिरतांना दिसतात. यांस कोणी धरीत नाहीं. यात्रेकरू चुरमुरे टाकतात आणि मासे पाण्याबाहेर तोंडें काढून ते झेलतात. घाटावरच एक लहानसें स्थान आहे. तेथें बेडकीवर फणा धरलेला नाग कोरला आहे. भर उन्हांत प्रसववेदना सोसणाऱ्या बेडकीवर नागानें फणेची सावली धरलेली आचार्यांनीं पाहिली, आणि जेथें जन्मजात वैरी असें वागतात तीच भूमि पीठास योग्य, असें ठरविलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. कथेंतील स्थळ पायांखालीं आलें म्हणजे ती निराळी वाटते. मी तेथें थोडा वेळ उभा राहिलों. जी भूमि निर्वैर म्हणून निवडली गेली, तिच्यावर पुढें काय गुदरलें, हें मला ठाऊक होतें.

शारदेचें मूळ स्थान लहान असून मूर्ति चंदनाची होती. विद्यारण्यांच्या काळीं, म्हणजे चौदाव्या शतकांत, तिच्या जागीं सुवर्णमूर्ति बसविली गेली, असें परंपरा सांगते. आजचें कृष्णपाषाणाचें देऊळ त्या मानानें अगदीं अलीकडचें. सच्चिदानंद शिवाभिनव नृसिंह भारती या आचार्यांनीं तें आरंभिलें, आणि त्यांचे शिष्य चंद्रशेखर भारती यांनीं १९१६ सालीं त्याचा कुंभाभिषेक केला. देवी बसलेली असून हातांत जपमाळ आणि पुस्तक आहे. शाळामास्तरास याहून जवळची देवता कोणती? गर्दी बरीच होती. तरी पुजाऱ्यांनीं आमच्या कुटुंबाच्या हातांतील ताट आदरानें घेतलें व लुगडें देवीच्या पायांपाशीं ठेविलें. कुटुंबाच्या डोळ्यांस पाणी आलें. माझ्या मनांत मात्र भक्तीबरोबर दुसरेंही कांहीं होतें, त्यामुळें मान वर करून मूर्तीकडे फार वेळ पाहवलें नाहीं.

शारदेच्या देवळाशेजारीं विद्याशंकराचें देऊळ आहे. हें जुनें, आणि शिल्पाच्या दृष्टीनें शृंगेरींतील सर्वांत पाहण्यासारखें. परंपरेप्रमाणें विद्यातीर्थ स्वामींच्या स्मरणार्थ तें इ. स. १३३८ सालीं बांधलें. कित्येक संशोधक तें वीसएक वर्षें अलीकडे आणतात. विजयनगरची स्थापना १३३६ ची, आणि १३४६ सालीं हरिहर आपल्या बंधूंसह येथें येऊन भूमिदान देऊन गेला, हें शिलालेखावरून कळतें. तेव्हां हें देऊळ म्हणजे त्या राज्याच्या बाल्यावस्थेची आठवण होय. सबंध बांधणी दगडाची, उंच जोतें, पूर्व आणि पश्चिम या दोन्ही बाजू कोंपरे न काढतां गोलाकार वळविलेल्या. दुरून पाहिलें तर प्रचंड दगडी रथ नदीकांठीं थांबल्यासारखा दिसतो. जोत्यावर हत्ती, घोडे, सिंह यांच्या ओळी आणि त्यांवर पुराणांतील प्रसंग. शैव, वैष्णव, शाक्त असा भेद शिल्पकारांनीं ठेवलेला नाहीं. शिवाच्या शेजारीं दशावतार निःशंकपणें उभे आहेत.

आंतील मंडपांत बारा खांब आहेत. प्रत्येकावर एकेक रास कोरली असून, सूर्य ज्या राशींत असेल त्या राशीच्या खांबावर सकाळचें ऊन पडावें अशी त्यांची मांडणी केली आहे, असें सांगतात. फरशीवर सावलीच्या दिशा दाखविणारें वर्तुळही आहे. आम्हीं मुद्दाम सूर्योदयाच्या सुमारास जाऊन बसलों, पण मलनाडचें धुकें साडेआठपर्यंत हललें नाहीं. ऊन आलें तेव्हां तें सर्वच खांबांवर सारखें उजळलें होतें. शिवाय अयनचलनामुळें सहा-सातशें वर्षांत सुमारें नऊ-दहा दिवसांचा फरक पडावयास हवा, असाही हिशेब मीं तेथें बसून केला. तथापि योजना करणाऱ्याच्या बुद्धीविषयीं आदर वाटल्याखेरीज राहत नाहीं. खांबांवरील व्यालांच्या जबड्यांत दगडाचे गोळे आहेत; बोट घातलें तर ते फिरतात, बाहेर मात्र येत नाहींत. आमच्या शेजारीं एक लहान मुलगा तो गोळा काढण्यासाठीं फार खटपट करीत होता. "आंत घातला तर बाहेर कां येत नाहीं?" असें त्यानें वडिलांस विचारलें. वडिलांनीं त्यास दटावून पुढें ओढलें. तो प्रश्न आणि तें दटावणें ऐकून मला माझ्या वर्गाची आठवण झाली. आतां त्याच गोष्टीकडे वळतों.

इ. स. १७९० ते १७९२ या काळांत इंग्रज, निजाम आणि पेशवे यांनीं मिळून टिपू सुलतानाशीं युद्ध केलें. पेशव्यांच्या फौजा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या हाताखालीं कर्नाटकांत उतरल्या. धारवाडचा वेढा, मेलुकोट्याजवळ इंग्रजांशीं झालेली भेट, आणि अखेर श्रीरंगपट्टणचा तह, ज्यानें टिपूस अर्धें राज्य आणि ३ कोटी ३० लक्ष रुपये द्यावे लागले, हें सर्व मी फळ्यावर नकाशा काढून मोठ्या आवेशानें शिकवीत असें. आमचा मुलूख पटवर्धनांच्या जहागिरींतला. भाऊंचें नांव निघालें कीं मुलें सरसावून बसत. त्याच मोहिमेंत, १७९१ सालीं, रघुनाथराव पटवर्धन कुरुंदवाडकर यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनीं शृंगेरीचा मठ लुटला, हें मात्र मीं कधीं सांगितलें नाहीं.

आरंभीं तें मला ठाऊकच नव्हतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत एक मुलगा उभा राहिला. त्याचें आजोळ कर्नाटकांत होतें. त्यानें विचारलें, "गुरुजी, आपल्या लोकांनीं शृंगेरीची शारदा लुटली असें माझे मामा म्हणतात, तें खरें का?" वर्गांत कोणीतरी हंसलें. मी म्हणालों, "परीक्षेला हें येत नाहीं. खालीं बैस." मुलगा बसला. मला मात्र चैन पडेना, म्हणून वाचनालयांत जाऊन जुनीं पुस्तकें काढलीं. आणि मामा खोटें बोलत नव्हते हें पंधरा दिवसांत कळलें. त्यानंतर तो मुलगा दीड वर्ष माझ्या समोर बसत होता. त्यास उभें करून "तुझें म्हणणें खरें होतें" एवढे चार शब्द मला बोलतां आले नाहींत. पुढें प्रत्येक वर्षीं तो धडा आला कीं मी शृंगेरीचें नांव गाळून पुढें जात असें. प्रथम अज्ञान होतें; नंतर तें अज्ञान राहिलें नाहीं.

जें घडलें तें थोडक्यांत असें. पेंढारी मठांत शिरले. मठाची संपत्ति लुटली गेली. ब्राह्मणांसह पुष्कळ लोक प्राणास मुकले. शारदेची मूर्ति स्थानावरून हलविली गेली. लुटीचा आंकडा साठ लक्षांपर्यंत गेल्याचें नमूद आहे. त्या वेळचे आचार्य सच्चिदानंद भारती यांस शृंगेरी सोडून कारकळ येथें आश्रय घ्यावा लागला. स्वामींनीं टिपूस कळविलें, आणि टिपूनें उलट पत्रें लिहून खेद प्रकट केला. देवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठीं बिदनूरच्या आपल्या अधिकाऱ्यास रोख रक्कम व धान्य देण्याची आज्ञा केली, आणि शत्रूंच्या नाशासाठीं मठांत सहस्रचंडी करविण्याची विनंति केली. ज्यांच्या नाशासाठीं शृंगेरींत चंडीपाठ व्हावयाचा, त्यांत आपण होतों! हीं पत्रें कन्नड भाषेंत असून म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांस तीं मठांत १९१६ सालीं मिळालीं.

आतां यावर आपल्या बाजूनें जें सांगतात तेंही सांगितलें पाहिजे. पुण्याच्या दरबारास हें वर्तमान कळल्यावर वाईट वाटलें, लुटीचा माल शोधून परत करण्याविषयीं लिहापढी झाली, हें खरें आहे. टिपूनें कोडगू आणि मलबार या प्रांतांत जें केलें तेंही इतिहासांत आहे, आणि त्याचीं पत्रें राजकारणाच्या हेतूनें गेलीं असतील, हेंही संभवतें. परंतु शेजाऱ्यानें आपलें घर जाळलें असलें म्हणून आपण तिसऱ्याच्या घरीं केलेली चोरी फिटत नाहीं. राहतां राहिली एक सबब, ती अशी कीं हें पेंढाऱ्यांनीं केलें, मराठ्यांनीं नव्हे. ही सबब मीं स्वतःशीं पुष्कळ वेळां उगाळली आहे. पण पेंढारी म्हणजे कोण? त्यांस पगार नसे. लूट हाच पगार. लुटींतून ते सरदारांस जो वांटा देत त्यास पालपट्टी म्हणत. ज्या फौजेनें पालपट्टी घ्यावयाची, तिला पेंढारी आमचे नव्हत असें म्हणतां येत नाहीं. शाळेंत मुलानें "मीं नाहीं, माझ्या बरोबरच्यानें केलें" असें म्हटलें तर आपण त्यास सोडतों काय?

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मी एकटाच घाटावर बसलों होतों. माध्याह्न संध्या आटोपून एक वृद्ध वैदिक पायऱ्या चढत होते. माझ्याकडे पाहून त्यांनीं कन्नडमध्यें कांहीं विचारलें, मला समजलें नाहीं असें पाहून ते संस्कृतांत म्हणाले, "भवन्तः कुत आगताः?" मी म्हणालों, "महाराष्ट्रात्." ते शेजारीं बसले. पाठशाळेंत पन्नासएक वर्षें त्यांनीं अध्यापन केलें होतें. त्यांची गति मोठी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढें घरीं शास्त्रीबोवांजवळ थोडें व्याकरण व काव्य केलेलें. पण त्यांनीं आपली चाल माझ्यासाठीं मंद केली. कृष्णा, तुंगा, पाऊस, मुलांचें पाठांतर अशा गोष्टी झाल्या. बोलतां बोलतां मला धीर आला आणि मीं १७९१ चा विषय काढला. त्या मुलाची हकीकतही सांगितली. एरवीं मराठींत जें कोणास सांगितलें नव्हतें तें संस्कृतांत सांगतांना सोपें वाटलें. रूपें जुळविण्यांत लाज थोडी मागें पडते.

ते कांहीं वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "येथें हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या प्रांतांतून दरवर्षीं पुष्कळ मंडळी येतात, देवीची ओटी भरतात, प्रसाद घेऊन जातात. कोणी विचारीत नाहीं, म्हणून आम्हीही सांगत नाहीं. घरीं आलेल्या अतिथीस खालीं पाहावें लागेल असें कशाला बोलावें?"

हें ऐकून मला जें वाटलें तें लिहितां येत नाहीं. आम्ही आमची अब्रू राखण्यासाठीं गप्प होतों, आणि हे लोक आमचीच अब्रू राखण्यासाठीं गप्प होते!

मीं विचारलें, "यास प्रायश्चित्त काय?" ते हंसले. म्हणाले, "सरदारांच्या सैन्यानें केलेल्या पापाचें प्रायश्चित्त दोनशें वर्षांनीं एका अध्यापकानें घ्यावें, असें मीं तरी कोठें वाचलें नाहीं. तें राहूं द्या. परंतु शिष्यानें विचारलें, आपणांस कळलें, आणि आपण सांगितलें नाहीं, हें आपलें स्वतःचें आहे. तो विद्यार्थी आहे ना कोठें?" मी म्हणालों, "असेल." ते म्हणाले, "मग त्यास सांगा. आणि ज्यांस इतकीं वर्षें सांगितलें नाहीं त्यांस लिहून कळवा." इतक्यांत भोजनाची घंटा झाली. "चला, पान वाढलें असेल," असें म्हणून ते उठलेही.

मठाच्या भोजनशाळेंत शेंकडों माणसें एका वेळीं बसतात. कोण, कोठचा, हें कोणी विचारीत नाहीं. भात, सार, भाजी, पायस, ताक, सर्व साधें आणि ऊन ऊन. पंक्तींत बसल्यावर माझा हात थांबला. ज्या घरची चूल एकदां आपल्या माणसांनीं विझविली, त्या घरीं आपण पोटभर जेवत आहों, असें मनांत आलें. वाढपी मुलगा, चौदा-पंधरा वर्षांचा, भाताचें भांडें घेऊन समोर उभा होता. त्यास वाटलें, मला भात नको. म्हणून त्यानें आग्रहानें आणखीच वाढला. आमचें कुटुंब शेजारून हळूच म्हणालें, "वाढलेलें टाकूं नये." मीं तें सर्व संपविलें.

सायंकाळीं पूल ओलांडून नरसिंहवनांत गेलों. पुरुषांनीं अंगरखा काढून उत्तरीय घ्यावें असा तेथील दंडक आहे. जाणाऱ्यांनीं धोतर-उपरणें जवळ ठेवावें. सध्यांचे आचार्य भारती तीर्थ हे १९८९ पासून पीठावर असून २०१५ सालीं त्यांनीं विधुशेखर भारती यांस संन्यासदीक्षा देऊन उत्तराधिकारी नेमलें आहे. रात्रीं चंद्रमौळीश्वराची पूजा होते. स्फटिकाचें तें लिंग आद्य आचार्यांपासून चालत आल्याचें मानतात. पूजा चालली असतां सभागृहांत एवढी मोठी मंडळी असूनही कोणी बोलत नव्हतें. बाहेर नदीचा आवाज येत होता. लुटीच्या वर्षीं याच पूजेचें साहित्य गोळा करून स्वामी कोणत्या वाटेनें डोंगर उतरले असतील, हाच विचार माझ्या डोक्यांत होता. मूर्ति पुन्हां बसली, स्वामी परत आले, पूजा चालू राहिली. १८१४ पर्यंत ते पीठावर होते. ज्यांस आम्हीं घालविलें त्यांनीं पुढें वीस-बावीस वर्षें तेथेंच बसून आपलें काम केलें.

तिसऱ्या दिवशीं निघतांना घाटावर जाऊन तुंगेचें पाणी एका तांब्याच्या गडूंत भरून घेतलें. परततांना मोटार पुन्हां तीर्थहळ्ळीस थांबली. येतांना जी कथा कौतुकानें ऐकली होती ती आतां निराळी ऐकूं आली. परशुराम आपली परशु घेऊन फिरला. ती झांकून घरीं बसला नाहीं. डाग दाखविला म्हणून तो धुतला गेला.

घरीं आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करून त्या मुलाचा पत्ता मिळविला. आतां त्याचेंच मूल नववींत असावयाचें. त्यास पत्र लिहिलें: "चिरंजीव, तूं नववीच्या वर्गांत शृंगेरीविषयीं विचारलेला प्रश्न बरोबर होता. तुझे मामा खरें बोलले होते. मला तें पंधरा दिवसांनीं कळलें, आणि मीं तुला सांगितलें नाहीं. मला क्षमा कर." खालीं कांहीं पुस्तकांचीं नांवें लिहून दिलीं, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून न राहतां त्यास स्वतः पडताळून पाहतां येईल. हा लेख लिहीपर्यंत त्याचें उत्तर आलेलें नाहीं. न आलें तरी माझी तक्रार नाहीं. मीं तरी त्यास तीस वर्षें कोठें उत्तर दिलें?

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं शृंगेरीची यात्रा घडली असेल, अनेकांची व्हावयाची असेल. त्यांनीं अवश्य जावें. विद्याशंकराचें देऊळ सावकाश पाहावें, माशांस चुरमुरे घालावे, शारदेची ओटी भरावी, पंक्तींत बसून जेवावें. बरोबर मुलें असतील तर घाटावर बेडकी आणि नागाची गोष्ट त्यांस सांगावी. आणि तीं जरा मोठीं असतील तर त्याच पायरीवर बसून १७९१ ची गोष्टही सांगावी. मुलें प्रश्न विचारतील. त्यांस खालीं बसवूं नये.

गडूंतील तुंगेचें पाणी आम्हीं कार्तिकी पौर्णिमेस आमच्या घाटावर कृष्णेंत सोडलें. पुढें कोठेंतरी तीं दोन्ही पाणीं मिळतातच. या खेपेस तीं थोडीं अगोदर मिळालीं.